पिकअप गाडी घेण्यापूर्वीं पाणंद पाहावी
(दोन चाकांची ओढ कीं चारी चाकांची, याचा विचार)

शेतमाल बाजारांत नेण्यासाठीं स्वतःची पिकअप गाडी घेण्याकडे बागायतदारांचा कल हल्लीं बराच वाढला आहे, आणि तो अयोग्य म्हणतां येणार नाहीं. भाड्याच्या गाडीची वाट पाहण्यांत तोडलेला माल बांधावर पडून राहतो, लिलावाची वेळ टळते, आणि हातचा भाव जातो. परंतु गाडी घ्यावयाची असें एकदां ठरलें म्हणजे लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. इंजिनाचा जोर नुसत्या मागच्या दोन चाकांना पोंचविणारी गाडी घ्यावी, कीं चारी चाकांना पोंचविणारी? चालक लोक पहिलीस 'फोर बाय टू' व दुसरीस 'फोर बाय फोर' म्हणतात. आपणहि या लेखांत तींच नांवें वापरूं. महिंद्राची बोलेरो, टाटाची योद्धा, इसुझूची डी-मॅक्स या घराण्यांतील गाड्या दोन्ही प्रकारांत निघालेल्या आहेत, तेव्हां हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं.

या प्रश्नाचा निकाल पुष्कळदां दुकानांत उभ्याउभ्या लागतो. कोणी हौसेनें फोर बाय फोर घेतो आणि तिचा दांडा वर्षांत एकदांहि ओढीत नाहीं. कोणी काटकसर म्हणून फोर बाय टू घेतो आणि मृग लागल्यापासून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची मनधरणी करीत बसतो. दोघेहि गाडी पाहून ठरवितात. ती ज्या वाटेनें जावयाची त्या वाटेचा विचार कोणीच करीत नाहीं. वास्तविक हा निर्णय दुकानांत नव्हे, तर आपल्या पाणंदींत उभें राहून करावयाचा आहे. तो कसा करावा हें या लेखांत सांगावयाचें आहे.

पकड कशानें येते?

गाडी पुढें जाते ती इंजिनाच्या जोरावर, असें आपण म्हणतों. पण चिखलांत इंजिनाचा जोर कधींच कमी पडत नाहीं, कमी पडते ती चाकाची जमिनीवरील पकड. ही पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, ओढणाऱ्या चाकावर किती वजन आहे. आणि दुसरी, जमीन कशी आहे. कोरड्या टणक मातीवर चाकावरील १०० किलो वजनामागें सुमारें ५० किलोची ओढ मिळते असें धरावें. ओल्या निसरड्या मातीवर ती ३० किलोंवर येते, आणि पाणी धरलेल्या चिकण चिखलांत २० किलोंपर्यंतहि उतरते. उलट चाक जसें रुततें तसा जमिनीचा विरोध वाढतो. टणक रस्त्यावर हा विरोध गाडीच्या एकूण वजनाच्या शेंकडा ३-४ असतो. चिखलांत तो शेंकडा १५ ते २० होतो.

आतां एक हिशेब करून पाहूं. समजा, रिकाम्या पिकअपचें वजन १७०० किलो आहे. इंजिन पुढें असल्यामुळें त्यांपैकीं ९५० किलो पुढच्या चाकांवर व ७५० किलो मागच्या चाकांवर पडतें. तींत १५०० किलो माल भरला, म्हणजे टोमॅटोचीं २० किलोंचीं ७५ क्रेट ठेवलीं, तर एकूण वजन ३२०० किलो होतें. हौदा मागच्या बाजूस असल्यामुळें भरलेल्या मालाचा बहुतेक भार मागें जातो. म्हणून मागच्या चाकांवर २१०० किलो व पुढच्यांवर ११०० किलो असें धरूं.

पहिला प्रसंग, कोरडा टणक रस्ता. येथें फोर बाय टू गाडीच्या मागच्या चाकांस १०५० किलोची ओढ मिळते व रस्त्याचा विरोध फक्त १२८ किलो असतो. उरलेल्या ९२२ किलोच्या बळावर, पकडीच्या दृष्टीनें पाहिलें तर, शंभर फुटांस २८ फूट चढणारा चढहि गाडी चढेल. आपल्या घाटांतील डांबरी रस्ते सहसा याच्या निम्म्यानेंहि चढे नसतात. अर्थात् या प्रसंगीं फोर बाय फोरचा उपयोग कांहीं नाहीं.

दुसरा प्रसंग, पावसानें भिजलेली पाणंद. पकड शेंकडा ३०, विरोध शेंकडा १५. माल आणावयास निघालेल्या रिकाम्या फोर बाय टू गाडीस मागच्या चाकांवर फक्त २२५ किलोची ओढ मिळते, आणि चिखलाचा विरोध मात्र २५५ किलो असतो. म्हणजे सपाट जागींहि ती गाडी रुतणार. तीच गाडी भरलेली असली तर ओढ ६३० किलो व विरोध ४८० किलो. ती हळूहळू निघेल, पण शंभर फुटांस पावणेपांच फुटांहून अधिक चढ लागला कीं थांबेल. फोर बाय फोर गाडी रिकामी असो वा भरलेली, तिच्या चारी चाकांवरील सर्व वजन ओढीच्या कामीं येतें; म्हणून ती शंभर फुटांस १५ फूट चढ चढून जाईल. भरलेल्या गाडीचें चाक थोडें अधिक रुततें, त्यामुळें प्रत्यक्षांत हे आंकडे कांहींसे कमी पडतील. पण दोन गाड्यांमधील अंतर याच प्रमाणांत राहील.

तिसरा प्रसंग, खोल काळा चिखल. पकड शेंकडा २० आणि विरोधहि शेंकडा २०. येथें चारी चाकांची ओढ आणि चिखलाचा विरोध बरोबर सारखा होतो, म्हणजे फोर बाय फोर गाडीहि जागची हालत नाहीं. टायरची नक्षी चिकण मातीनें भरली कीं तो टायर गुळगुळीत दगडासारखा होतो, आणि चाकोरींत गाडीचें पोट टेकलें म्हणजे चारी चाकें अधांतरीं फिरत राहतात. अशा वेळीं फोर बाय टू गाडी पाणंदीच्या तोंडाशींच रुतते व फोर बाय फोर मध्यावर जाऊन रुतते, एवढाच काय तो फरक. आणि मध्यावर रुतलेली गाडी काढणें अधिक कठीण असतें.

या तीन प्रसंगांवरून मुख्य गोष्ट ध्यानांत येईल. जादा पैसे देऊन आपण जें विकत घेतों तें फक्त दुसऱ्या प्रसंगापुरतें आहे. पहिल्या प्रसंगीं तें नको असतें व तिसऱ्या प्रसंगीं पुरत नाहीं. तेव्हां आपल्या वाटेवर दुसरा प्रसंग वर्षांतून किती दिवस येतो, हें मोजणें म्हणजेच या प्रश्नाचें उत्तर काढणें होय.

पाणंदीची परीक्षा

ही परीक्षा सोपी आहे. दोन दिवस चांगला पाऊस होऊन गेला कीं लोखंडी पहार घेऊन आपल्या पाणंदींत जावें आणि जेथें गाड्या नेहमीं अडतात अशा चार-पांच ठिकाणीं ती उभी दाबून पाहावी. वीतभर चिखलाखालीं मुरूम किंवा जांभा लागला तर तळ टणक आहे. तेथें चारी चाकांची ओढ निश्चित काम देईल. पहार हातभर खालीं सहज गेली तर तो तिसरा प्रसंग समजावा; तेथें कोणत्याहि पिकअपचा उपाय चालणार नाहीं, ट्रॅक्टर किंवा रस्ताच पाहिजे.

या दृष्टीनें आपल्या प्रांताकडे पाहिलें तर जागोजागीं निरनिराळें उत्तर येतें. विदर्भ व मराठवाड्याच्या भारी काळ्या जमिनींतील चिकण माती पाण्यानें फुगते व खोलवर मऊ होते. तेथें भर पावसांत तिसरा प्रसंगच वारंवार येतो. शिवाय तेथील कापूस व सोयाबीन हे टिकाऊ माल आहेत. हस्ताच्या पावसानें वाट बिघडली तरी झांकून ठेवलेलें सोयाबीन चार दिवस थांबूं शकतें. अशा शेतकऱ्यानें फोर बाय फोरसाठीं जादा पैसे घालणें बहुधा व्यर्थ आहे. निफाडकडील द्राक्षबागाइतदाराचा मुख्य हंगाम जानेवारी ते एप्रिल, व रत्नागिरी-देवगडच्या हापूसवाल्याचा मार्च ते मे, म्हणजे दोघांचाहि माल बहुतेक कोरड्या दिवसांत निघतो. त्यांनाहि फोर बाय टू पुरते.

याच्या उलट सह्याद्रीच्या कुशींतील मुलूख पाहावा. मावळ, पाटण, जावळी, अकोले, इगतपुरी या भागांत पाऊस दांडगा. महाबळेश्वरास तर वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो. जमीन उताराची, पण चिखलाचा थर पुष्कळ ठिकाणीं पातळ व त्याखालीं मुरूम किंवा कातळ. तेथें दूध रोज सकाळीं संकलन केंद्रावर पोंचवावें लागतें. दूध चार दिवस थांबत नाहीं. हा दुसऱ्या प्रसंगाचा खरा मुलूख होय, आणि येथें चारी चाकांची ओढ आपली किंमत भरून देते.

नारायणगांव व पिंपळगांव बसवंत या बाजारांस माल घालणाऱ्या टोमॅटो-उत्पादकाचें स्थान या दोहोंच्या मध्यें आहे. पावसाळी टोमॅटो ऑगस्टपासून निघूं लागतो, तो नाशवंत असतो, आणि एका रात्रींत भाव पडलेला पाहण्याचा अनुभव पुष्कळांच्या गांठीं आहे. येथें तालुक्यावरून नियम बांधतां येत नाहीं. ज्याची त्याची पाणंद पाहूनच ठरवावें लागतें.

हिशेब कसा मांडावा?

फोर बाय फोर गाडींत ट्रान्सफर केस, पुढचें डिफरन्शियल, पुढच्या चाकांकडे जाणारा दंड व सांधे इतकी यंत्रसामग्री अधिक असते. त्यामुळें किंमत वाढते, गाडीचें स्वतःचें वजन वाढतें, डिझेल थोडें अधिक जळतें आणि तेल, सील, सांधे यांची निगाहि वाढते. खालील आंकडे केवळ रीत दाखविण्यासाठीं घेतले आहेत. प्रत्येकानें आपल्या विक्रेत्याकडून व आपल्या वहींतून खरे आंकडे घालून घ्यावे.

समजा, किंमतींतील फरक रु. १,५०,००० आहे व गाडी दहा वर्षें वापरावयाची आहे. दरसाल झीज रु. १५,०००. गुंतलेल्या पैशाची सरासरी रु. ७५,००० धरून दरसाल दरशेंकडा ९ प्रमाणें व्याज रु. ६,७५०. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणें व लिटरला १४ किलोमीटर धरल्यास डिझेल सुमारें ८६० लिटर लागेल. त्यावर शेंकडा ५ जादा म्हणजे ४३ लिटर, रु. ९० प्रमाणें रु. ३,८७०. जादा निगेचे रु. ३,०००. एकूण जादा खर्च दरसाल रु. २८,६२०.

आतां गाडी एकदां रुतली तर काय जातें? ट्रॅक्टरचें भाडें रु. ८००, आणि लिलाव चुकल्यामुळें ७५ क्रेटांमागें प्रत्येकीं रु. ६० प्रमाणें रु. ४,५००, एकूण रु. ५,३००. म्हणजे वर्षांत असे सहा दिवस येत असतील तर फोर बाय फोरचा खर्च भरून निघतो. दोनच येत असतील तर निघत नाहीं. दुधवाल्याचा एका दिवसाचा तोटा याहून कमी, पण त्याचे दिवस पुष्कळ अधिक. ज्याच्या घरींच ट्रॅक्टर आहे त्याचा तोटा आणखी कमी, कारण तो अर्ध्या तासांत गाडी ओढून काढतो. मात्र मोजतांना एक दक्षता घ्यावी. ज्या दिवशीं फोर बाय टू रुतली असती पण फोर बाय फोर निघाली असती, तेवढेच दिवस धरावे. जेव्हां ट्रॅक्टरहि घसरत होता ते दिवस सोडून द्यावे. मृगापासून स्वातीपर्यंत एक पावसाळाभर भिंतीवरील कॅलेंडरावर अशा दिवसांवर खूण केली तर आदमास चुकत नाहीं. ज्यांस घाई नाहीं त्यांनीं हा एक पावसाळा थांबूनच गाडी घ्यावी.

चारी चाकांच्या ओढीविषयीं कांहीं गैरसमज

फोर बाय फोरची कीर्ति पसरली ती दुसऱ्या महायुद्धांतील जीप गाडीमुळें. १९४१ पासून अमेरिकेंत हजारोंनीं तयार झालेली ती गाडी कोठेंहि जाते असें लोक म्हणूं लागले. पण त्या गाडीचें वजन सुमारें ११०० किलो होतें, व तिनें वाहावयाचा भार पाव टन होता. दीड टन माल घेतलेल्या पिकअपनें तसेंच चालावें ही अपेक्षा चुकीची आहे.

दुसरा गैरसमज असा कीं चारी चाकें ओढतात म्हणजे चारी चाकें नेहमींच ओढतील. वळणावर दोन बाजूंचीं चाकें कमीजास्त फिरावीं म्हणून डिफरन्शियल बसविलेलें असतें. त्याचा दोष हा कीं एक चाक घसरूं लागलें म्हणजे जोर त्याच चाकाकडे वाहून जातो आणि जोडीचें टणक जागेवरील चाक स्वस्थ राहतें. म्हणून फोर बाय फोर गाडीचेंहि पुढचें एक व मागचें एक चाक फिरत राहून ती अडूं शकते. यावर डिफरन्शियल लॉक हा उपाय आहे. मागच्या चाकांस असा लॉक असलेली फोर बाय टू गाडी मिळाली तर मध्यम प्रतीच्या वाटेस ती पुष्कळदां पुरी पडते. तेव्हां गाडी घेतांना याची विचारपूस अवश्य करावी.

तिसरा गैरसमज धोक्याचा आहे. चारी चाकांची ओढ गाडी चालविते, थांबवीत नाहीं. ब्रेक दोन्ही गाड्यांस चारी चाकांना सारखेच असतात, आणि ओल्या डांबरावर दोन्ही सारख्याच घसरतात. फरशी पुलावरून पाणी वाहत असतां 'आपली फोर बाय फोर आहे' म्हणून गाडी घालणें हें तर जिवाशीं खेळणें होय. दोन फूट खोल वाहतें पाणी पिकअपसारखी गाडीहि उचलून नेऊं शकतें. चाकांवरचें वजनच पाण्यानें उचललें म्हणजे पकड कोठून राहणार?

एक गुण मात्र सांगितला पाहिजे, कारण विक्रेते त्याचा फारसा उल्लेख करीत नाहींत. बहुतेक फोर बाय फोर गाड्यांत 'लो' गिअर असतो. त्यानें चाकाचा वेग कमी होऊन जोर दोन ते अडीच पट वाढतो. उभ्या कच्च्या उतारावरून भरलेली गाडी उतरवितांना या गिअरांत इंजिनच गाडी रोखून धरतें व ब्रेक तापत नाहींत. डोंगरउतारावर शेत असलेल्यास हा लाभ ओढीइतकाच मोलाचा आहे.

गाडी घेतल्यानंतर

ज्यांत चारी चाकांची ओढ दांडा किंवा खटका टाकून जोडावी लागते अशा गाडींत ती कोरड्या डांबरी रस्त्यावर जोडूं नये. वळणावर पुढचीं व मागचीं चाकें निरनिराळें अंतर कापतात. त्यांतील तफावत घसरून निघण्यास टणक रस्त्यावर वाव नसतो, आणि तो ताण दंडावर व दांत्यांवर येऊन यंत्र बिघडतें. चिखल लागण्यापूर्वीं ओढ जोडावी, रुतल्यावर नव्हे. आणि पक्का रस्ता लागतांच सोडावी. उन्हाळ्यांतहि महिन्यांतून एकदां मऊ जमिनीवर थोडें अंतर ती जोडून चालवावी, म्हणजे आंतील भागांस तेल पोंचतें. चारी टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले असावे. जुनी फोर बाय फोर घेणाऱ्यानें ती मातींत नेऊन दोन्ही गिअर प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय विसार देऊं नये.

फोर बाय टू वाल्यासहि कांहीं उपाय आहेत. मागच्या चाकांस खोल नक्षीचे टायर घालावे. रिकामी गाडी चिखलांतून न्यावयाची असल्यास हौद्यांत मागच्या चाकांवर तीनेक क्विंटल वजन ठेवावें. वरील हिशेबांतील २२५ किलोची ओढ त्यानें ३१५ होते व विरोध ३०० होतो, म्हणजे सपाट वाट कशीबशी निघते. मजबूत दोरखंड, दोन फळ्या व फावडें गाडींत असावें. चाक फिरूं लागलें कीं अधिक जोर देऊं नये. त्यानें चाक फक्त आपलाच खड्डा खणतें.

आणखी एक मार्ग

शेवटीं एक गोष्ट सर्व शेतकरी बंधूंनीं मनांत आणावी. एकाच पाणंदीवरील चौघांनीं प्रत्येकीं दीड लाख जादा घालून फोर बाय फोर घेतल्या तर सहा लाख रुपये चार गाड्यांत जातात, आणि पाणंद होती तशीच राहते. तोच पैसा, किंवा त्याचा कांहीं भाग, अडणाऱ्या चार जागांवर मुरूम व खडी टाकण्यांत, मोरीची नळी बसविण्यांत आणि कडेची चरी काढण्यांत घातला तर चौघांच्याच नव्हे, तर सर्वांच्या गाड्या निघतील. महाराष्ट्र सरकारनें २०२१ मध्यें मातोश्री ग्रामसमृद्धि शेत-पाणंद रस्ते योजना काढली, ती याच गरजेसाठीं; तिची सांगड रोजगार हमीच्या कामाशीं घातलेली होती. आपल्या गांवास आज कोणत्या योजनेंतून मदत मिळूं शकते याची चौकशी ग्रामपंचायतींत व तहसिलींत करावी. शेतास वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४३ प्रमाणें बांधावरून वाट मिळण्यासाठीं तहसीलदाराकडे अर्ज करतां येतो.

सारांश असा. वाट पक्की असेल, किंवा माल कोरड्या दिवसांत निघत असेल, तर फोर बाय टू घ्यावी. वाट उताराची, चिखल पातळ, तळ टणक आणि माल नाशवंत असेल, तर फोर बाय फोर घ्यावी व तिचा खर्च वायां गेला असें मानूं नये. चिखल हातभर खोल असेल तर दोन्हींपैकीं कोणत्याहि गाडीवर भरंवसा न ठेवतां आधीं चार शेजाऱ्यांस गोळा करून पाणंदीचें काम हातीं घ्यावें. त्यानंतर कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटलेला आढळेल.